सर्व्हरचा बॅकअप विकेंद्रित साठ्यावर: उद्यमबागेतल्या कारखान्यासाठी कमांड लाइनवरून पूर्ण मांडणी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही मशीनशॉपच्या ऑफिसात जाऊन बॅकअप कुठंय असं विचारा. मालक बोट दाखवतात ते सर्व्हरच्या डोक्यावर ठेवलेल्या एक्स्टर्नल हार्डडिस्ककडं. यूएसबीची वायर कायम खुपसलेली, कडेला शेजारच्या फौंड्रीची काळी बारीक धूळ बसलेली. "रात्री आपोआप होतंय की!" होतंय खरं. पण रॅन्समवेअर शिरला तर तो सर्व्हरसोबत जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो, विजेचा झटका दोघांनाही एकदमच बसतो, आणि चोर काही सर्व्हर नेऊन डिस्क मागं ठेवत नाही.

जरा शहाणे मालक दुसरी डिस्क कोल्हापुरात किंवा निपाणीत पाहुण्यांकडं ठेवतात. ऑगस्ट 2019 मध्ये काय झालं ते आठवा. एकाच आठवड्यात कोल्हापूर पाण्यात, गोकाक पाण्यात, चिकोडी-निपाणीकडची गावं पाण्यात, आणि यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. म्हणजे शंभर किलोमीटरवरची डिस्क शाबूत असली तरी ती आणायला रस्ता नाही. आपल्या भागात 'लांब' म्हणजे खरोखर लांब पाहिजे.

त्यासाठी विकेंद्रित साठा हा एक चांगला पर्याय आहे. इथं तुमचा डेटा एका डेटा सेंटरमध्ये पडून राहत नाही. तो कूटबद्ध होऊन, तुकडे होऊन, जगभरच्या वेगवेगळ्या लोकांच्या डिस्कवर पसरतो. खालची मांडणी उबुंटू सर्व्हरसाठी आहे, ज्यावर सांबा शेअरमध्ये (ऑफिसातल्या सगळ्या मशीनना दिसणाऱ्या सामायिक फोल्डरमध्ये) ड्रॉइंग, सीएनसीचे प्रोग्राम, टॅलीचा डेटा आणि एखादा मायएसक्यूएल डेटाबेस आहे. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी एवढंच असतं.

कुठला साठा घ्यायचा

विकेंद्रित म्हटलं की लोक आधी आयपीएफएस या फाइली वाटायच्या जाळ्याचं नाव घेतात. बॅकअपसाठी ते नको. आयपीएफएसमध्ये फाइलीचा पत्ता तिच्या मजकुरावरून ठरतो, ही कल्पना सुंदर आहे. पण तिथं फाइल आपोआप कूटबद्ध होत नाही, पत्ता मिळाला की कोणीही ती उचलू शकतो, आणि कुणीतरी पिन करून (म्हणजे आपल्या मशीनवर राखून) ठेवली नाही तर ती टिकेल याची हमीही नाही. उलट दुसऱ्या कुणी पिन केली तर तुम्हाला ती पुसता येत नाही. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग तिकडं गेलं तर त्याला काय उत्तर देणार? आरवीव्हमध्ये एकदा पैसे भरले की डेटा कायमचा, म्हणजे रोज बदलणाऱ्या टॅलीसाठी उपयोग शून्य. फाइलकॉइन 2020 पासून चालू आहे, पण त्याचे साठवणीचे करार आणि मुदती सांभाळणं हे मोठ्या संस्थांचं काम. सिया चांगलं आहे, मात्र त्याचा स्वतःचा प्रोग्राम कायम चालवत ठेवावा लागतो.

छोट्या कारखान्यासाठी मी स्टोर्ज सुचवतो, कारण ते एस3 पद्धतीनं (ॲमेझॉनच्या साठ्याची, सगळीकडं रुळलेली भाषा) बोलतं आणि त्यामुळं नेहमीची अवजारं त्यावर चालतात. आतली रचना अशी: फाइलीचे जास्तीत जास्त 64 एमबीचे खंड होतात. त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण असं की प्रत्येक खंडाचे 80 तुकडे करायचे आणि त्यातले कुठलेही 29 हाती आले तरी खंड पूर्ण उभा राहतो. हे आकडे काळानुसार बदलतात, तत्त्व तेच. निम्म्याहून जास्त डिस्क एकदम मेल्या तरी तुमची फाइल जिवंत.

पण विकेंद्रित म्हणजे कुणाच्याच हातात नाही असं समजू नका. डिस्क हजारो लोकांच्या असल्या तरी खातं आणि बिल एकाच कंपनीकडं आहे. कार्डाची मुदत संपली आणि त्यांचे ईमेल कुणी वाचले नाहीत, तर तुकडे कितीही ठिकाणी असोत, डेटा जाणार. खात्याला मालकांचा ईमेल द्या, तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा नको. पैसे कार्डानं भरा. त्यासाठी बँकेत सांगून कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतील. टोकननं (स्टोर्जच्या क्रिप्टो नाण्यानं) भरायच्या भानगडीत पडू नका, 2022 पासून त्यावर 30 टक्के कर आणि टीडीएसचा हिशेब मागं लागतो.

आणखी एक गोष्ट सीएंना विचारूनच पुढं जा. फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर कंपनी लेखा नियमांत 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीप्रमाणं हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. जगभर विखुरलेला साठा ती अट भागवत नाही. म्हणून टॅलीची एक प्रत देशातल्या साठ्यावर, आणि ही त्याच्या जोडीला.

गेटवे का, थेट का नाही

गेटवे म्हणजे स्टोर्जचं मधलं मशीन: फाइल त्याला द्यायची, पुढचे तुकडे ते करतं. इथं आपल्या इंटरनेटचा विचार करावा लागतो. स्टोर्जवर थेट त्यांच्या अवजारानं चढवलं तर तुकडे तुमच्याच मशीनवर होतात आणि सगळे तुमच्याच लाइनवरून बाहेर पडतात. 1 जीबीची फाइल चढवायला सुमारे 2.7 जीबी जातात. समजा ऑफिसचा अपलोड 10 एमबीपीएस आहे आणि डेटा 40 जीबी. गेटवेमार्फत साधारण नऊ तास, थेट चढवला तर चोवीस तास. लाइन भक्कम असेल तर थेट घ्या, खानापूर रोडला वायर झाडावरून आली असेल तर गेटवेच बरा.

गेटवेचा दोष एवढाच की तुकडे करणं आणि कूटबद्ध करणं त्यांच्या मशीनवर होतं. तो दोष आपण दुसरीकडून भरून काढतो: रेस्टिक नावाचं अवजार डेटा सर्व्हर सोडायच्या आधीच एईएस-256 नं कूटबद्ध करतं. गेटवेला दिसतो तो निव्वळ भुसा.

तयारी

आज्ञा खाली देवनागरीत, फोनवर पोराला सांगतो तशा लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या. मोठी अक्षरं लागतात तिथं तसं सांगितलंय.

रेस्टिक एपीटीमधून (उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातून) बसवू नका. उबुंटू 22.04 मध्ये 0.12 मालिकेतली आवृत्ती मिळते, आणि कॉम्प्रेशन आलं 0.14 पासून. गिटहबवरच्या अधिकृत रिलीज पानावरून नवी फाइल उतरवा, बीझिप2 उघडा, /यूएसआर/लोकल/बिन मध्ये ठेवा, सीएचमॉड 755 करा. मग

रेस्टिक व्हर्जन

असं विचारून खात्री करा.

स्टोर्जच्या कन्सोलमध्ये (वेबवरच्या खात्याच्या पानावर) एक बकेट, म्हणजे साठ्यातला तुमचा कप्पा, उघडा. नाव लहान अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यातच. बकेट उघडतानाच ऑब्जेक्ट लॉक (मुदत संपेपर्यंत फाइल कायमची पुसू न देणारं कुलूप) चालू करा आणि ठरीव मुदत 30 दिवस ठेवा. ही पायरी गाळू नका. सर्व्हरवर ताबा मिळवलेल्या चोराच्या हाती बॅकअपची चावीही लागते, आणि तो आधी बॅकअप पुसतो, मग खंडणी मागतो. लॉक असलं की त्यानं पुसलेलं वरवर दिसेनासं होतं, जुनी आवृत्ती, चढवल्या दिवसापासून मुदत संपेपर्यंत, आत राहते. तशी वेळ आलीच तर आरक्लोनला (साठ्यांमधून फाइलींची नेआण करणारं अवजार) --एस3-व्हर्जन-ॲट आणि हल्ल्याआधीची तारीख दिली की बकेट त्या दिवशी जशी होती तशी दिसते, तिथून नव्या बकेटमध्ये उचलता येते. अट एकच: सर्व्हरसाठी काढलेल्या एस3 चावीला लॉक ओलांडायची परवानगी द्यायची नाही. चावी त्या एका बकेटपुरतीच काढा.

याची किंमत म्हणजे पुसलेल्या आवृत्त्या जागा खात राहतात आणि त्याचं भाडं पडतं. माझ्या मते ते द्यावं.

आता पासवर्ड.

ओपनएसएसएल रँड -हेक्स 24

यातून 48 अक्षरं येतात, फक्त आकडे आणि ए ते एफ. बेस64 मुद्दाम टाळलं, कारण हा पासवर्ड कागदावर जाणार आहे आणि कागदावर मोठा ओ की शून्य हे दोन वर्षांनी कुणाला कळणार? तो /ईटीसी/रेस्टिक/पास या फाइलीत ठेवा, मालकी रूटची, परवानगी 600. एक कागद मालकांच्या घरी कपाटात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. कारखान्याच्या ड्रॉवरमध्ये नको. हा पासवर्ड हरवला तर रेस्टिकवाले, स्टोर्जवाले, कुणीही डेटा उघडून देऊ शकत नाही. पुढं रेस्टिक की ॲड करून दुसरा पासवर्डही जोडता येतो. मालकांचा वेगळा, सर्व्हरचा वेगळा असं केलेलं बरं.

/ईटीसी/रेस्टिक/एन्व्ह या दुसऱ्या फाइलीत सहा ओळी. डावीकडची नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत:

रेस्टिक_रिपॉझिटरी=एस3:एचटीटीपीएस://गेटवे.स्टोर्जशेअर.आयओ/बकेटचं-नाव/सर्व्हर1
रेस्टिक_पासवर्ड_फाइल=/ईटीसी/रेस्टिक/पास
रेस्टिक_कॅश_डीआयआर=/व्हीएआर/कॅश/रेस्टिक
रेस्टिक_पॅक_साइझ=60
एडब्ल्यूएस_ॲक्सेस_की_आयडी=कन्सोलमधली चावी
एडब्ल्यूएस_सीक्रेट_ॲक्सेस_की=कन्सोलमधलं गुपित

कॅशची ओळ यासाठी की सिस्टमडीच्या (उबुंटूत सेवा चालवणारी यंत्रणा) सेवेला होम फोल्डर दिलेलं नसतं आणि मग रेस्टिक कॅश कुठं ठेवू म्हणून कुरकुरतं. पॅकचा (रेस्टिक डेटा ज्या गठ्ठ्यांत बांधून चढवतं त्याचा) आकार एरवी 16 एमआयबी असतो. 60 केला की एक पॅक स्टोर्जच्या एका 64 एमबीच्या खंडात साधारण मावतो आणि बारीक फाइलींचा ढीग होत नाही.

पहिला बॅकअप

रूट होऊन या ओळी चढवा:

सेट -ए
सोर्स /ईटीसी/रेस्टिक/एन्व्ह
रेस्टिक इनिट

इथं चूक दाखवली तर आधी घड्याळ बघा. एस3 पद्धतीत प्रत्येक मागणीवर वेळेची सही असते, आणि घड्याळ पंधरा मिनिटांहून जास्त मागंपुढं असलं की ती नाकारली जाते. जुन्या सर्व्हरमधला बटणसेल मेलेला असतो. लाइट जाऊन आली की मशीन भलत्याच वर्षात उठतं. टाइमडेटसीटीएल टाकून तारीख तपासा, एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) चालू करा, आणि सेल बदला.

बॅकअपआधी डेटाबेस फाइलीत उतरवावा लागतो. चालू मायएसक्यूएलच्या मूळ फाइली तशाच उचलल्या तर अर्धवट लिहिलेलं पान हाती येऊ शकतं.

मायएसक्यूएलडम्प --सिंगल-ट्रान्झॅक्शन --ऑल-डेटाबेसेस > /एसआरव्ही/डम्प/सगळे.एसक्यूएल

ही फाइल जीझिप करू नका. सवयीनं हात तिकडं जातो, पण झिप केलेल्या फाइलीत एक नोंद बदलली तरी तिथून पुढचं सगळं बदलतं आणि रेस्टिकला कालचं काहीच ओळखू येत नाही. साधी ठेवली तर तो फक्त बदललेले भाग चढवतो, आणि दाबायचं काम स्वतः करतो.

टॅलीसाठी वेगळी आज्ञा नाही, शिस्त आहे. संध्याकाळी निघताना सगळ्यांनी कंपनी बंद करून टॅलीतून बाहेर पडायचं. उघड्या टॅलीची प्रत उचलली तर ती नंतर उघडेलच असं नाही. "साहेब, स्क्रीन लॉक केलीय की," असं सांगणारे भेटतात. स्क्रीन लॉक म्हणजे टॅली बंद नव्हे.

रेस्टिक बॅकअप /एसआरव्ही/डेटा /एसआरव्ही/डम्प --होस्ट सर्व्हर1 --लिमिट-अपलोड 600

मर्यादेचा आकडा सेकंदाला किबीबाइटमध्ये आहे. 10 एमबीपीएसची लाइन म्हणजे साधारण 1200, त्यातला निम्मा रेस्टिकला. पहिली फेरी मर्यादेशिवाय चालवायची असेल तर शनिवारी संध्याकाळी लावा. मध्येच लाइट गेली तर घाबरू नका: तीच आज्ञा पुन्हा द्या, वर पोचलेले बहुतेक पॅक तो पुन्हा चढवत नाही. फाइली मात्र पहिल्यापासून वाचत बसतो, तेवढा वेळ जातो. रिपॉझिटरी (रेस्टिकनं वर उभारलेला साठा) कुलूपबंद आहे असं सांगितलं तर दुसरीकडं बॅकअप चालू नाही ना याची खात्री करा आणि रेस्टिक अनलॉक द्या.

--होस्ट मुद्दाम लिहिलंय. रेस्टिक प्रती गटवारीनं मोजतो, मशीनचं नाव आणि फोल्डरांची यादी यावरून. उद्या सर्व्हर बदलला आणि नाव बदललं तर जुन्या प्रतींचा गट वेगळा पडतो, साफसफाई त्यांना वेगळं मोजते आणि त्यातल्या शेवटच्या प्रती कधीच पुसत नाही.

रोज आपोआप

ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या जुन्या क्रॉनपेक्षा सिस्टमडीचा टायमर घ्या. क्रॉनची वेळ लाइट नसताना निघून गेली की त्या रात्रीचा बॅकअप गेला. टायमरमध्ये पर्सिस्टंट=ट्रू लिहिलं की मशीन उठल्यावर चुकलेली फेरी लगेच चालते.

/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम मध्ये दोन फाइली करा. बॅकअप.सर्व्हिस मध्ये, सर्व्हिस या चौकटी कंसातल्या मथळ्याखाली:

टाइप=वनशॉट
एन्व्हायर्नमेंटफाइल=/ईटीसी/रेस्टिक/एन्व्ह
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/लोकल/बिन/रोजचा-बॅकअप

आणि बॅकअप.टायमर मध्ये, टायमर या मथळ्याखाली:

ऑनकॅलेंडर=22:30
पर्सिस्टंट=ट्रू

त्याखाली इन्स्टॉल मथळा आणि वाँटेडबाय=टायमर्स.टार्गेट. सिस्टमडीच्या या फाइलींत मथळ्यांतल्या आणि = च्या डावीकडच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं, उजवीकडचे वनशॉट, ट्रू, टायमर्स.टार्गेट आणि फाइलींच्या वाटा मात्र लहान.

रोजचा-बॅकअप ही साधी शेल फाइल: पहिल्या ओळीत बॅशचा पत्ता, मग सेट -ई, मग डम्पची आज्ञा, मग बॅकअपची. सेट -ई मुळं डम्प फसला तर गाडी तिथंच थांबते. नाहीतर रिकामा डम्प वर जातो आणि सगळं ठीक दिसतं. शेवटी

सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड
सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ बॅकअप.टायमर

रात्री लाइट नव्हती आणि सकाळी दहाला आली तर बॅकअप ऐन कामाच्या वेळी धावणार. म्हणून अपलोडची मर्यादा कायम ठेवायची, नाहीतर जीएसटीच्या शेवटच्या तारखेला पोर्टल उघडत नाही म्हणून तुम्हालाच फोन येणार.

रेस्टिक परत देतो तो आकडा बघायला शिका. 0 म्हणजे ठीक. 3 म्हणजे प्रत झाली, पण काही फाइली वाचता आल्या नाहीत. बहुतेक वेळा परवानगीचा घोळ. 1 म्हणजे प्रतच नाही. फसल्यावर ईमेल पाठवणारी सेवा ऑनफेल्युअर= मध्ये जोडता येते, पण सर्व्हरच मेला तर ईमेल कोण पाठवणार? त्यापेक्षा उलटी सोय चांगली: बॅकअप झाला की शेवटच्या ओळीतून कर्लनं बाहेरच्या एका पत्त्यावर हजेरी लावायची, आणि हजेरी चुकली की त्या बाहेरच्या सेवेनं तुम्हाला कळवायचं.

साफसफाई आणि तपासणी

रविवारी एकदा:

रेस्टिक फर्गेट --कीप-डेली 14 --कीप-वीकली 8 --कीप-मंथली 24 --प्रून

दोन आठवडे रोजचे, दोन महिने आठवड्याचे, दोन वर्षं महिन्याचे. जुन्या ऑर्डरचं ड्रॉइंग गिऱ्हाईक वर्षभरानं मागतं, त्यामुळं महिन्याच्या प्रतींत काटकसर नको.

महिन्यातून एकदा:

रेस्टिक चेक --रीड-डेटा-सबसेट=1/12

फेब्रुवारीत 2/12, मार्चमध्ये 3/12. वर्षात सगळा साठा एकदा वाचून होतो आणि उतरवण्याचं बिल एकदम अंगावर येत नाही.

एवढ्यावर थांबू नका. चेक सांगतो की साठा शाबूत आहे, तुम्हाला हवी ती फाइल त्यात आहे की नाही हे नाही सांगत. दर तिमाहीला सर्व्हरवर नाही, दुसऱ्याच लॅपटॉपवर, कपाटातला कागद काढून त्यावरचा पासवर्ड हातानं टाइप करून एक फोल्डर परत आणा. लॅपटॉप उबुंटूचाच असू दे, म्हणजे वाटा बदलत नाहीत:

रेस्टिक स्नॅपशॉट्स
रेस्टिक रिस्टोअर लेटेस्ट --टार्गेट /होम/चाचणी --इन्क्लूड /एसआरव्ही/डेटा/ड्रॉइंग

फाइली /होम/चाचणी/एसआरव्ही/डेटा/ड्रॉइंग अशा पूर्ण वाटेनिशी उतरतात, चाचणी फोल्डरात नुसतं एसआरव्ही दिसलं म्हणून दचकू नका. मग ड्रॉइंगवाल्या माणसालाच बसवा आणि कॅडमध्ये उघडायला सांगा. टॅलीचं फोल्डर अकाउंटंट ताईंना उघडू दे, बॅलन्स जुळतोय का त्यांनीच सांगावं. फाइल उतरली आणि फाइल उघडली यात फरक असतो, आणि तो आपल्याला नाही, वापरणाऱ्यालाच कळतो.

साठा बदलायचा झाला तर

दर वाढले, कंपनी विकली गेली, काहीही होऊ शकतं. रेस्टिकची रिपॉझिटरी कुणाच्या मालकीची पद्धत नाही, त्यामुळं निघून जाणं सोपं आहे. नव्या जागेवर आधी

रेस्टिक इनिट --फ्रॉम-रेपो जुना-पत्ता --कॉपी-चंकर-पॅराम्स

आणि मग

रेस्टिक कॉपी --फ्रॉम-रेपो जुना-पत्ता

दिलं की इतिहासासकट सगळ्या प्रती तिकडं जातात. चंकरची (फाइल कुठं तोडायची हे ठरवणारी) सूचना विसरलात तर नव्या जागी फाइलींचे तुकडे वेगळ्या ठिकाणी पडतात, जुन्या-नव्याचा मेळ बसत नाही आणि जागा दुप्पट लागते. दोन्ही टोकं एस3 पद्धतीची असतील तर चाव्यांच्या त्याच दोन ओळी दोन्हीकडं लागू होतात आणि गोंधळ होतो; अशा वेळी एक टोक आरक्लोनमध्ये नोंदवून त्याचा पत्ता आरक्लोन:नाव:बकेट असा द्या. नव्या जागेवरून एक रिस्टोअर करून बघेपर्यंत जुन्या खात्याचं कार्ड काढू नका.